घशाशी येणाऱ्या पित्ताची गोष्ट

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आपल्या मराठीत 'पित्त' या शब्दाला फार काम करावं लागतं. डोकं दुखून उलटी झाली, की पित्त. अंगावर गांधी उठल्या, की पित्त. छातीत जळजळलं, की पित्त. पित्ताशयात खडे झाले, तर तेही पित्ताचेच. आणि घरात कुणी फार चिडचिड करू लागलं, तर त्याचंही पित्त खवळलेलं असतं. शिरूरच्या बाजारपेठेत मी ३५ वर्षं दवाखाना चालवला. "बाई, पित्त झालंय," एवढं सांगून माणूस समोरच्या स्टुलावर बसला, की पुढची दहा मिनिटं हे नेमकं कोणतं पित्त, हे शोधण्यात जायची.

या सगळ्यांतल्या एकाच पित्ताविषयी आज मी बोलणार आहे. जेवण झाल्यावर वाकलं किंवा आडवं झालं, की आंबट पाणी घशाशी येतं, छातीच्या मधोमध आग होते, रात्री ठसका लागून जाग येते. कधीमधी हे सगळ्यांनाच होतं. काहींना मात्र ते रोज होतं आणि वर्षानुवर्षं होत राहतं. अशा माणसांसाठी एक शस्त्रक्रिया आहे, आणि ती आता पोट न उघडता दुर्बिणीतून करतात. तिचा इतिहास तुम्हाला सांगावासा वाटतो, कारण ही शस्त्रक्रिया आपण करून घ्यावी का, या प्रश्नाचं बरंचसं उत्तर त्या इतिहासातच आहे.

दुखणं काही नवं नाही. सुमारे १,३०० वर्षांपूर्वीच्या 'माधवनिदान' या आयुर्वेदाच्या ग्रंथात आम्लपित्ताचं स्वतंत्र प्रकरण आहे, आणि त्यात वर जाणारं आम्लपित्त आणि खाली जाणारं आम्लपित्त असे दोन प्रकार केलेले आहेत. आपल्या घराघरांतले थंड दूध, आवळा, धने-जिऱ्याचं पाणी हे उपाय त्याच जुन्या ओळखीतून आले आहेत. पण हे आंबट पाणी वर चढतं तरी कसं, हे समजायला विसावं शतक उजाडावं लागलं.

शेतकरी मंडळींना ते चटकन कळतं. विहिरीवरच्या मोटारीच्या पाइपाला खाली फूटव्हॉल्व्ह असतो. पाणी एकाच दिशेनं जावं, उलटं फिरू नये, हे त्याचं काम. आपली अन्ननलिका छातीतून खाली येते, छाती आणि पोट यांच्यामधल्या स्नायूच्या पडद्याला एक भोक असतं त्यातून पोटात उतरते आणि जठराला मिळते. त्या जोडावर स्नायूंचं एक कडं असतं. घास आला की ते उघडतं, घास गेला की मिटतं. हे कडं सैल पडलं, किंवा पडद्याचं भोक रुंद होऊन जठराचा वरचा भाग छातीत सरकू लागला, की जठरातलं आम्ल उलटं वर येतं. जठराचं अस्तर ते आम्ल सोसतं, अन्ननलिकेला मात्र ते भाजतं. म्हणजे पुष्कळदा आम्ल काही जास्त झालेलं नसतं, ते नको त्या जागी गेलेलं असतं.

आता आपल्या भागातली कामं पाहा. शिरूरकडे कांद्याची काढणी, दौंडकडे उसाची खुरपणी. न्याहारी करून बाई तासन् तास कमरेत वाकलेली असते. पोट दाबलं जातं आणि त्या कड्यावर सगळा ताण येतो. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीतला कामगार दुसऱ्या पाळीवरून मध्यरात्री घरी येतो, पोटभर जेवतो आणि लगेच अंथरुणावर पडतो. त्यावर तंबाखू, आणि दिवसभराचा चहा. अशांना मी गोळीच्या आधी दोन गोष्टी सांगायचे. जेवण आणि झोप यांत तीन तास ठेवा, आणि खाटेच्या उशाकडच्या पायांखाली विटा घाला. पुष्कळांचं त्यावरच भागायचं. वजन जास्त असेल आणि ते थोडं जरी उतरलं, तरी फार फरक पडायचा.

ज्यांचं त्यावर भागत नाही, त्यांच्यासाठी शस्त्रक्रियेचा विचार विलायतेत सुरू झाला. आम्लामुळे अन्ननलिकेला सूज येते, हे न्यूयॉर्कच्या डॉ. अॅशर विंकलस्टाइन यांनी १९३५ मध्ये मांडलं. पुढे १९५१ मध्ये इंग्लंडमधल्या डॉ. फिलिप अॅलिसन यांनी पडद्याचं रुंदावलेलं भोक आणि ही जळजळ यांचा संबंध दाखवला. वर सरकलेलं जठर खाली ओढून भोक शिवून घ्यायची शस्त्रक्रिया त्यांनी रूढ केली. या अॅलिसन साहेबांविषयी मला फार आदर आहे, आणि तो शस्त्रक्रियेपेक्षा त्यांनी नंतर जे केलं त्याबद्दल आहे. वीस वर्षांनी त्यांनी आपलेच जुने रुग्ण तपासले आणि १९७३ मध्ये छापून टाकलं, की जवळजवळ निम्म्यांचं दुखणं परत आलेलं आहे. आपल्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या शस्त्रक्रियेचा असा हिशेब स्वतःच मांडायला मोठं मन लागतं.

दुसरं नाव रुडॉल्फ निसेन यांचं. हे जर्मनीतले ज्यू सर्जन. हिटलरचं राज्य आल्यावर १९३३ मध्ये त्यांनी देश सोडला आणि ते इस्तंबूलला गेले. तिथे १९३६ मध्ये त्यांच्याकडे २८ वर्षांचा एक तरुण आला. त्याच्या अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला मोठा व्रण झाला होता. निसेन यांनी तो भाग कापून काढला आणि उरलेली नलिका जठराला जोडली. हा जोड उसवू नये म्हणून त्यांनी जठराच्या वरच्या भागाची घडी त्याच्याभोवती गुंडाळली. थंडीत आपण गळ्याभोवती मफलर गुंडाळतो, तशी. त्या वेळी हेतू फक्त जोड सांभाळण्याचा होता. बऱ्याच वर्षांनी त्या रुग्णाची खबर घेतल्यावर लक्षात आलं, की अशा शस्त्रक्रियेनंतर हमखास होणारी जळजळ त्याला झालेलीच नाही. ती घडीच फूटव्हॉल्व्हचं काम करत होती. जठर भरलं की घडीतला दाब वाढायचा, आणि नलिका आपोआप आवळली जायची.

निसेन पुढे अमेरिकेत गेले. तिथे १९४८ मध्ये त्यांनी आल्बर्ट आइन्स्टाइन यांच्या पोटातल्या फुगलेल्या रोहिणीभोवती सेलोफेन गुंडाळून ती फुटण्यापासून वाचवली, आणि त्यानंतर आइन्स्टाइन १९५५ पर्यंत जगले. त्याच १९५५ साली स्वित्झर्लंडमधल्या बाझल इथे निसेन यांनी केवळ जळजळ थांबवण्यासाठी म्हणून एका ४९ वर्षांच्या बाईंच्या अन्ननलिकेभोवती जठराची घडी घातली. पुढच्या वर्षी, १९५६ मध्ये, त्यांनी ती पद्धत प्रसिद्ध केली. जठराच्या त्या वरच्या फुगीर भागाला फंडस म्हणतात, म्हणून या शस्त्रक्रियेचं नाव फंडोप्लिकेशन. पुढे फ्रान्समधल्या डॉर यांनी १९६२ मध्ये आणि तुपे यांनी १९६३ मध्ये घडी पूर्ण न घालता अर्धीमुर्धी घालायचे प्रकार काढले. घडी फार घट्ट झाली, तर घास अडकतो आणि ढेकर येत नाही, हे अनुभवानं कळलं होतं.

पण या शस्त्रक्रियेसाठी बरगड्यांच्या खालपासून बेंबीपर्यंत पोट उघडावं लागायचं. जळजळीसाठी एवढं कोण करून घेणार? त्यातच गोळ्या आल्या. १९७६ मध्ये सिमेटिडीन आलं, आणि १९८८ मध्ये आम्ल तयार करणारे पंपच बंद करणारं ओमेप्रॅझोल बाजारात आलं. आज औषधांच्या दुकानात सर्रास मागितलं जाणारं पॅन्टोप्रॅझोल हे त्याचंच भावंड. आता ही शस्त्रक्रिया पुस्तकातच राहणार, असं त्या वेळी वाटलं असतं तर नवल नाही. तिला परत आणलं ते दुर्बिणीनं.

ही दुर्बीण आपल्या गावांत कशी आली, ते सांगायला हवं. शिरूर-दौंडच्या लोकांना दुर्बीण माहीत झाली ती पित्तामुळे नव्हे, कुटुंब नियोजनामुळे. आणीबाणीच्या काळात, १९७६–७७ या एका वर्षात, देशात ८० लाखांहून अधिक नसबंद्या झाल्या आणि त्यांत पुरुषांचं प्रमाण मोठं होतं. त्यातल्या सक्तीचा लोकांनी इतका धसका घेतला, की पुढे सरकारी कार्यक्रमाचा सगळा भार बायकांवर आला. अमेरिकेत डॉ. इन बे यून यांनी सत्तरच्या दशकात सिलिकॉनची एक बारीक रिंग काढली होती. दुर्बिणीतून ती गर्भनलिकेवर बसवता यायची. १९८० च्या सुमारास ही पद्धत आपल्याकडे शिबिरांमधून पसरली. जीपमधून डॉक्टर यायचे, शाळेच्या किंवा आरोग्य केंद्राच्या खोलीत टेबलं लागायची, आणि एका दिवसात कितीतरी बायकांचं 'दुर्बिणीचं, बिनटाक्याचं' ऑपरेशन व्हायचं. बाई संध्याकाळी घरी.

त्यामुळे आमच्या भागात 'दुर्बिणीचं ऑपरेशन' याचा एकच अर्थ झाला. पुष्कळ वर्षांनंतरची गोष्ट आहे. रांजणगावच्या एका कारखान्यात लेथवर काम करणारा तरुण जळजळीनं बेजार होता. त्याला मी म्हटलं, "पुण्याला जाऊन सगळ्या तपासण्या करून घे. वेळ पडली तर दुर्बिणीतून ऑपरेशन होतं." दुसऱ्या दिवशी त्याची आई तणतणत दवाखान्यात आली. "अहो बाई, त्याचं अजून लगीन व्हायचंय, आन् तुम्ही पोराचं कुटुंब नियोजन करायला निघाला व्हय?" तिला समजावता समजावता दोघींनाही हसू आलं. ती बिचारी काही चुकीचं बोलत नव्हती. तिच्या ओळखीची दुर्बीण तीच होती.

त्या शिबिरांचा दुसरा धडा देशाला फार महागात पडला. छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळ नोव्हेंबर २०१४ मध्ये एका शिबिरात काही तासांत ८३ बायकांची दुर्बिणीतून नसबंदी झाली. त्या आणि आसपासच्या शिबिरांनंतर किमान १३ जणींचा मृत्यू झाला. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अशी शिबिरं तीन वर्षांत बंद करायला सांगितलं. दुर्बीण तीच होती. पण शस्त्रक्रियेआधीची तपासणी आणि नंतरची काळजी यांना तिथे वेळच ठेवलेला नव्हता.

पोटात दुर्बीण घालायची कल्पना तर फार जुनी. जर्मनीत ड्रेस्डेनच्या गेऑर्ग केलिंग यांनी १९०१ मध्ये कुत्र्याच्या पोटात हवा भरून नळीतून आत पाहिलं, आणि स्वीडनच्या याकोबेउस यांनी १९१० मध्ये माणसांच्या बाबतीत ते केलं. पण अनेक वर्षं ती नुसती बघायची नळी होती. कीलचे स्त्रीरोगतज्ज्ञ कुर्ट झेम यांनी १९८० मध्ये तिच्यातून अपेंडिक्स काढलं, तेव्हा या माणसाला निलंबित करा, अशी मागणी जर्मन सर्जनांमधून झाली. एरिख म्यूहे यांनी १९८५ मध्ये पित्ताशय काढलं, तर त्यांचंही स्वागत थंडच झालं. १९८७ मध्ये फ्रान्समधल्या लिओंच्या फिलिप मूरे यांनी तेच केलं, आणि मग मात्र जगभर लाट आली.

आपल्याकडे ही वाट काढली मुंबईच्या डॉ. तेहेम्टन उडवाडिया यांनी. जे. जे. रुग्णालयात १९७२ पासून ते दुर्बिणीतून पोट तपासत होते. गावोगावहून आलेल्या गरीब रुग्णाच्या पोटात गाठ आहे की क्षय, हे पोट न उघडता कळावं, हा त्यामागचा हेतू. सोनोग्राफी आणि सीटी स्कॅन दारोदार नव्हते, तेव्हाची ही गोष्ट. १९९० मध्ये त्यांनी जे. जे.मध्येच देशातली दुर्बिणीतून पित्ताशय काढायची पहिली शस्त्रक्रिया केली. विकसनशील देशांतलीही ती पहिलीच मानली जाते. काही महिन्यांतच पुण्यात डॉ. ज्योत्स्ना कुलकर्णी यांनी ती केली. ही महागडी चैन गरीब देशाला कशाला, असं म्हणणारे तेव्हा होते. उडवाडियांचं म्हणणं नेमकं उलट होतं. हातावर पोट असलेल्या माणसाला चार दिवसांत कामावर जाता येणं, ही त्याची सर्वांत मोठी गरज आहे, असं ते मांडत. २०१७ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं आणि जानेवारी २०२३ मध्ये ते गेले.

पित्ताशयापाठोपाठ निसेन यांच्या घडीची पाळी आली. बेल्जियममधल्या लिएज इथले बर्नार डालमान्य यांनी १९९१ मध्ये दुर्बिणीतून केलेलं फंडोप्लिकेशन प्रसिद्ध केलं. पोटावर साधारण पाच छोटी छिद्रं पाडतात, अर्ध्या ते सव्वा सेंटिमीटरची. आत कार्बन डायऑक्साइड भरतात, कारण तो पेट घेत नाही आणि रक्तात सहज विरघळून श्वासावाटे निघून जातो. यकृत हळूच बाजूला धरायचं, सरकलेलं जठर खाली आणायचं, पडद्याचं भोक टाके घालून बेताचं करायचं आणि जठराची जेमतेम दोन सेंटिमीटर रुंदीची सैलसर घडी घालायची. रुग्ण दोन-तीन दिवसांत घरी जातो. काही आठवडे पातळ आणि मऊ खावं लागतं. काहींना सुरुवातीला घास अडकल्यासारखा वाटतो, काहींना ढेकर देता येत नाही, पोट फुगतं. बहुतेकांचं हे हळूहळू कमी होतं, काही थोड्यांचं राहतं.

आता श्रोते विचारतील, एवढं सोपं झालंय तर मग जन्मभर गोळ्या कशाला? अॅलिसन साहेबांनी घालून दिलेल्या वाटेनं, म्हणजे रुग्णांची वर्षानुवर्षं खबर घेऊन, इतरांनी याचं उत्तर शोधलं आहे. युरोपात गोळ्यांनी बरं वाटणाऱ्या रुग्णांचे दोन गट केले. एकाला गोळ्या, दुसऱ्याला दुर्बिणीतून शस्त्रक्रिया. २०११ मध्ये त्याचा निकाल आला. पाच वर्षांनंतर गोळ्यांच्या गटातले ९२ टक्के आणि शस्त्रक्रियेच्या गटातले ८५ टक्के लोक ठीक होते. म्हणजे दोन्ही उपाय चांगले. स्वीडनमध्ये शस्त्रक्रिया झालेल्या २,६५५ जणांच्या नोंदी तपासल्या. २०१७ मधल्या त्या अहवालात १७.७ टक्के लोकांचं दुखणं परत आलेलं दिसलं, आणि त्यांतल्या बहुतेकांना पुन्हा गोळ्या सुरू कराव्या लागल्या होत्या.

मला सर्वांत बोलका वाटतो तो अमेरिकेतला २०१९ चा अभ्यास. गोळ्यांनी जळजळ थांबत नाही, म्हणून पाठवलेले ३६६ लोक त्यात घेतले. त्यांना गोळी नीट, वेळेवर, जेवणाआधी घ्यायला लावली, तर ४२ जण तेवढ्यानंच बरे झाले. तपासण्यांत २३ जणांना अन्ननलिकेचा वेगळाच आजार निघाला. ९९ जणांच्या जळजळीचा आम्लाशी संबंधच नव्हता. काहींनी तपासण्या पुऱ्या केल्या नाहीत, काही इतर कारणांनी गळाले. शेवटी उरले ७८. या निवडून काढलेल्या लोकांत शस्त्रक्रियेचा गुण ६७ टक्क्यांना आला, आणि नुसती औषधं वाढवून फक्त २८ टक्क्यांना. योग्य माणसाला ही शस्त्रक्रिया वरदान आहे. पण 'मला पित्ताचा फार त्रास आहे' असं म्हणणारा प्रत्येक जण तो योग्य माणूस नसतो.

हे आकडे मला पटतात, कारण त्यांतला एक मी डोळ्यांनी पाहिला आहे. भीमेपलीकडून, पारगावच्या पुलावरून दौंड तालुक्यातली माणसं माझ्याकडे यायची. त्यांत रेल्वेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते. जेवलेलं वर येतं, छातीत दाटतं, रात्री ठसका लागतो, असं त्यांचं म्हणणं. शहरातल्या एका रुग्णालयात त्यांना दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेची तारीखही मिळाली होती. जाण्याआधी सहज म्हणून ते मला भेटायला आले. मी विचारलं, "वर येतं ते आंबट असतं का?" ते म्हणाले, "नाही बाई, आंबट नाही. खाल्लेली भाकरी जशीच्या तशी येते." आणि पाणीसुद्धा अडकत होतं. मी त्यांना म्हटलं, "तारीख पुढं ढकला आणि आधी अन्ननलिकेच्या दाबाची तपासणी करा."

त्या तपासणीत निघाला अॅकॅलेशिया. म्हणजे त्यांचं कडं सैल नव्हतंच, ते उघडतच नव्हतं. भाकरी जठरापर्यंत पोहोचतच नव्हती, मग ती आंबट कुठून होणार? या आजारावर जर्मनीतल्या एर्न्स्ट हेलर यांनी १९१३ मध्ये शस्त्रक्रिया काढली, ती म्हणजे त्या कड्याचे स्नायू चिरून ते सैल करायचे. निसेन यांची घडी कडं आवळते. तक्रार ऐकायला सारखीच, उपाय मात्र एकमेकांच्या विरुद्ध. आधीच न उघडणाऱ्या कड्यावर घट्ट घडी घातली असती, तर त्या गृहस्थांना घोटभर पाणी गिळणं मुश्किल झालं असतं. त्यांची हेलर यांची शस्त्रक्रिया झाली, तीही दुर्बिणीतूनच. पुढे कित्येक दिवाळ्यांना त्यांनी फराळाचा डबा घेऊन यायचा नेम चुकवला नाही.

म्हणून शिरूर काय आणि दौंड काय, दोन्हीकडच्या लोकांना मला काही गोष्टी कळकळीनं सांगायच्या आहेत. शिरूरपासून पुणं साधारण ७० किलोमीटर, दौंडहून रेल्वेनं ७५ च्या आसपास. एका दिवसात जाऊन येण्यासारखं. पण शेतकऱ्याला आणि रोजंदारीवरच्या माणसाला एक खेप म्हणजे एक दिवस बुडाला. त्यामुळे 'एकदाच जाऊ आणि ऑपरेशन उरकून येऊ' असा हिशेब घरात होतो. या एका शस्त्रक्रियेच्या बाबतीत हा हिशेब करू नका. तिच्याआधी तीन तपासण्या लागतात. पहिली, तोंडातून दुर्बीण घालून अन्ननलिका आणि जठर पाहायची. दुसरी, दाबाची. तिसरी, नाकातून बारीक नळी घालून चोवीस तास आम्ल मोजायची. कमरेला छोटं यंत्र बांधलेलं असतं, माणूस हिंडतो-फिरतो, जेवतो, आणि जळजळ झाली की बटण दाबतो. एंडोस्कोपीत अन्ननलिका भाजल्याचा स्पष्ट पुरावा दिसला, तर डॉक्टर ही तिसरी तपासणी वगळतात. दाबाची मात्र वगळू देऊ नका. आमच्या कोणत्या तपासण्या झाल्या आणि त्यांत काय निघालं, हे विचारणं म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास दाखवणं नव्हे. चांगल्या सर्जनला असा प्रश्न आवडतो. सरकारी योजनेत यातलं काय बसतं, ते रुग्णालयात बसलेल्या आरोग्यमित्राला आधीच विचारून घ्या.

गोळ्यांविषयीही थोडं. औषधाच्या दुकानातून पाकीट आणून वर्षानुवर्षं आपल्या मनानं गोळ्या खाऊ नका, आणि डॉक्टरांनी चालू ठेवलेल्या असतील तर कुणाचं ऐकून एकदम बंदही करू नका. एकदम बंद केल्या, की काही दिवस आम्ल उसळून येतं आणि माणसाला वाटतं, दुखणं वाढलं. घास अडकू लागला, वजन उतरू लागलं, शौचाला काळी होऊ लागली, रक्ताची उलटी झाली किंवा उतारवयात जळजळ नव्यानंच सुरू झाली, तर घरगुती उपायांत एकही दिवस घालवू नका.

आणि सर्वांत महत्त्वाचं. छातीत दडपण, दरदरून घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ असं काही झालं, तर ते 'पित्त' किंवा 'गॅस' म्हणून सोडा पिऊन झोपू नका. गाडी काढा, जवळचं रुग्णालय गाठा, हृदयाचा आलेख काढून घ्या. शिरूरला ग्रामीण रुग्णालय आहे, दौंडला उपजिल्हा रुग्णालय आहे, आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे. हे पित्त नव्हतं, हे दुसऱ्या दिवशी कळून उपयोग नसतो.

शस्त्रक्रिया झाल्यानंतरची एक गोष्ट मात्र आपल्या लोकांकडून हमखास राहते. बरं वाटलं की माणूस परत दाखवायला जात नाही, आणि त्रास झाला तर चिडून दुसऱ्या डॉक्टरकडे जातो. दोन्ही वेळी ज्यानं शस्त्रक्रिया केली, त्याला काहीच कळत नाही. निसेन यांना आपल्या घडीचं खरं मोल कळलं, ते इस्तंबूलचा तो तरुण पुढे कसा आहे, हे त्यांना समजलं म्हणून. अॅलिसन यांना आपल्या शस्त्रक्रियेतलं उणं कळलं, ते वीस वर्षांपूर्वीचे रुग्ण तपासायला आले म्हणून. तेव्हा सहा महिन्यांनी बोलावलं असेल, तर एक दिवस बुडाला तरी जाऊन या. बरं असलं तरी जा. तुमच्यानंतर त्याच टेबलावर झोपणाऱ्या माणसाला त्याचा उपयोग होतो.